व्यायाम नव्हे, नाच

पुणे,
५ जानेवारी २०२५

ती. वनमाला आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर नाना शेजारीच बसलेले असतात, म्हणून कागद घेतला. बातमी अशी की दोन फेब्रुवारीला माझा स्वतःचा कार्यक्रम आहे. बेली डान्सचा, तिकीट लावून, मोठ्या थिएटरात. आजवर लग्नांत नाचले, हॉटेलांत नाचले, वर्ग घेतले, पण दोन तास मी एकटी असं कधी झालं नव्हतं.

कॉलेजात असताना आयशाबाईंच्या क्लासला गेले तेव्हा सगळ्यांत ढ मीच होते. पाय चालले की कंबर थांबायची. त्यांचं अरबी ढोलकं काही केल्या अंगात उतरेना. मग एक दिवस मनातल्या मनात नानांचे पखवाजाचे बोल म्हणू लागले, आणि कंबर आपोआप चालायला लागली. बाईंनी विचारलं, आधी कुठे शिकलीस? मी म्हणाले, चौसाळ्याला, भजनात. त्या हसल्या, पण ते खरंच होतं. आई गेल्यावर मी भजनात नानांना टेकूनच तर झोपायचे.

त्यांना आपण 'पोटाच्या व्यायामाचा क्लास' असं सांगितलंय. आता ते पुरे. तू खरं सांग आणि त्यांना घेऊन ये. पहिल्या रांगेचे दोन पास सोबत आहेत. नानांनी बघितलं नाही तर बाकीच्यांनी बघून मला काय करायचंय?

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
संस्कृती


चौसाळा,
१२ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच घोळ झाला, बाई. तुझा व्यायाम मी गावभर इतका वाखाणला की शेजारची छबुबाई कंबर धरून माझ्याकडे आली. मी आपली तिला हात वर करून कंबर फिरवायला लावली. तिला गुण आला! हे कौतुक तिनं रामकिसनच्या हॉटेलात सांगितलं. त्यानं मोबाईल काढला, हाच का तो व्यायाम म्हणाला आणि तुझा व्हिडिओ लावला. तुझे नाना तिथंच चहा पीत बसले होते.

घरी आले, हातपाय धुतले, ताटावर बसले. "त्यो व्यायाम न्हाई, वने. त्यो नाच हाय," एवढं म्हणाले आणि उठले. एकादशीला पखवाजाला लावायची कणीक मी मळून ठेवली होती, ती तशीच वाळली. भजनाला गेलेच नाहीत. पास दाखवले तर म्हणाले, मान खाली घालून बसायला पुण्याला कशाला जायचं, ते इथंही जमतं. मी एकटी यावं तर माझे गुडघे नाही म्हणतात.

तू मात्र जीव ओतून नाच. दाराकडे बघत बसू नकोस.

लेकी, जेवत जा वेळेवर.

तुझी,
आत्या


पुणे,
४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कार्यक्रम चांगला झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या मी कुणालाच देऊ दिल्या नाहीत, त्यावरून थिएटरवाले कुरकुरले. आयशाबाई म्हणाल्या, आज तू नाचणारी झालीस. मी आत जाऊन पोटभर रडले.

मला नानांचा राग येत नाही. पण माझ्यामुळे त्यांची मान खाली जात असेल, तर मी त्या दारात कुठल्या तोंडानं उभी राहू? यंदा होळीला येत नाही. त्यांना भजनाला जायला सांग.

माझी आठवण काढत जा.

तुझी,
संस्कृती


चौसाळा,
११ फेब्रुवारी २०२५

चि. संस्कृतीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाही, चुकलं तर समजून घे. तुझं पत्र वनूनं वाचून दाखवलं. मी आलो होतो. पखवाजाची चामड्याची पुडी बदलायला बीडला जातो असं सांगून निघालो आणि पुण्याची एसटी धरली. तुझ्या पासाच्या खुर्चीवर बसायची छाती झाली नाही. खिडकीवर तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलो.

खरं सांगतो, तू आलीस तसे मी डोळे मिटले. नुसतं ऐकत होतो. तुझ्या कमरेच्या पट्ट्याच्या चकत्या वाजत होत्या. मध्येच तुझा ढोलकं वाजवणारा गडबडला, समेच्या आधीच येऊन पडला. भजनात असं झालं की सगळा मेळ कोसळतो. पण चकत्या आपल्या जागी वाजत राहिल्या. लय तू एकटीनं धरून ठेवलीस आणि त्याला परत समेवर आणलंस. हे कोण करतंय ते बघायला मी डोळे उघडले, ते मग मिटलेच नाहीत. मानही वरच होती, पोरी. रामकिसनला जाऊन सांगितलंय, माझी मुलगी नाचते.

न भेटता का निघालो तेही सांगतो. भजन संपलं की ज्यानं ताल सांभाळला त्याच्या आम्ही पाया पडतो, लहानमोठं बघत नाही. तू समोर आली असतीस तर मी वाकलो असतो, आणि तू मला वाकू दिलं नसतंस.

होळीला ये. बापानं मुलीला आशीर्वाद लिहायचे असतात, ते वर लिहिलेत. इथं खाली नमस्कार करतो. नाही म्हणू नकोस.

तुझा,
नाना