बुडालेली थोरली

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चिठोरं. नवी नोकरी, नवी खोली आणि खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, सगळं सव्वा पानात उरकलंस. संक्षेपाची सवय हाडात मुरलेली दिसते. आठशे पानांचं पुस्तक मोबाइलवर पंधरा मिनिटांत ऐकवायचं, आणि त्याचा मजकूर आमच्या पुतणीने लिहायचा. छत्तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. परक्याच्या पुस्तकातला एक अनुस्वार निसटला तरी मला घास गोड लागत नसे. तू तर अख्खी पुस्तकंच सांडत चाललीस. तुला अक्षर ओळखायला मी शिकवलं, हे चारचौघांत सांगायची आता सोय राहिली नाही.

परवा दाढ दाखवायला गेलो होतो. बाकावर नऊ माणसं आणि नऊ मोबाइल. अंगठा खालून वर, खालून वर, जणू प्रत्येकाला भिंत रंगवायचं काम दिलंय. शेजारच्याला विचारलं, काय वाचता म्हणून. तो म्हणाला, यशस्वी माणसं पहाटे उठून काय करतात ते वाचतोय. सकाळचे साडेअकरा वाजले होते. या यशवाल्यांच्या पुस्तकांना, पानागणिक खून पाडणाऱ्यांना आणि रुमाल भिजवणाऱ्या प्रेमकथांना मी पुस्तक म्हणत नाही, हे तुला ठाऊक आहेच. माणसाला पिढ्यान्‌पिढ्या उलगडून दाखवते ती कादंबरी. बाकी सगळा फावल्या वेळचा चिवचिवाट.

आता आपल्या वाचक मंडळाची हकीकत. शनिवारी स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही अकराजण जमलो. या वेळचं पुस्तक होतं ती नावाड्यांच्या घराण्याची जाडजूड कादंबरी. मी चाळीस मिनिटं बोललो. शेवटच्या पुरात थोरली बहीण बुडते आणि धाकटी तिची रिकामी नाव काठाला ओढून आणते, तिथे मी वाचताना रडलो होतो, तेही सांगितलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला.

मग आपले टेलरमास्तर म्हणाले की त्यांचीही कादंबरी पुरी झाली. कुणीतरी विचारलं, एवढं वाचायला सवड कधी काढली. तर म्हणे, शाळेचे गणवेश शिवता शिवता एकोणतीस तासांत कानाने ऐकली. मला राहवलं नाही. कानाने आत जातं त्याला चहाडी म्हणतात, वाचन नव्हे, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं. मंडळ वाचणाऱ्यांचं आहे, ऐकणाऱ्यांनी मशीनपाशीच बसावं, हेही सांगितलं. मास्तरांनी चष्मा मिटला, खुर्ची भिंतीला लावली आणि ते जिना उतरून गेले. चौदा वर्षांचा सभासद, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

तू ती नोकरी सोडेपर्यंत माझ्याकडे मुक्कामाला येऊ नकोस. लोभ आहे. तो टिकेल असं वाग.

तुझा
काका

---

ता. ११ फेब्रुवारी

ती. काकांना,
शि. सा. न.

तुमचं सहा पानी पत्र मिळालं. त्याचा सारांश मी एका ओळीत काढला असता, पण तुमच्याकडे त्याला गुन्हा म्हणतात, म्हणून सबंध वाचलं.

माझी नोकरी फार थोर आहे असं मीही म्हणत नाही. आठवड्याला चार पुस्तकं पिळून द्यावी लागतात. ती ऐकणारे लोक कसे असतात ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आमच्याच कचेरीतले एक साहेब सारांश ऐकतात तेही दुप्पट वेगाने, आणि जेवणाच्या टेबलावर लेखकाच्या चुका काढतात. त्यांची मला कीव येत नाही, किळस येते. पण तुमच्या जातीच्या वाचकांचंही मला कौतुक नाही. जाड पुस्तक हातात धरलं की माणूस जाड होतो, एवढंच. छातीवर बिल्ले लावल्यासारखी पुस्तकं लावायची आणि ज्याच्याकडे बिल्ला नाही त्याला जिना दाखवायचा.

मास्तरांना तुम्ही बोललात ते वाचून मला लाज वाटली. आठवीत असताना माझ्या दप्तराचा पट्टा त्यांनी तीनदा शिवून दिला होता. तिन्ही वेळा, मी सध्या काय वाचतेय ते त्यांनी विचारलं होतं. तुमच्या मंडळात दुसऱ्याला असं विचारणारं आणखी कोण आहे?

आता एक अवघड गोष्ट लिहिते. काका, त्या कादंबरीत थोरली बहीण बुडत नाही. नाव रिकामी सापडते, सगळे तिला मेली समजतात, आणि शेवटच्या तीस पानांत कळतं की ती पुराचा फायदा घेऊन त्या घराण्याला कंटाळून स्वतःच्या पायांनी निघून गेली होती. धाकटी तिला दूरच्या एका बाजारात बघते आणि हाक न मारता परत येते. सबंध कादंबरीचं सार त्या हाक न मारण्यात आहे.

थोरली बुडते ती एकाच ठिकाणी, आमच्या सारांशात. तो मी लिहिला. शनिवारपर्यंत द्यायचा होता, म्हणून शेवटची तीस पानं वाचलीच नाहीत. दोन महिने ती तशीच बुडालेली होती. गेल्या आठवड्यात एका बाईंनी तक्रार केली, तेव्हा मी मान खाली घालून ती पानं वाचली आणि तिला बाहेर काढलं.

तुम्ही कुठल्या पानावर रडलात ते कळवा.

लोभ करा, उपदेश थोडा आवरलात तरी चालेल.

तुमची
ठमी

---

ता. १७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आ.

माझं वय अडुसष्ट आहे. वाचलेल्या शेकडो कादंबऱ्यांतली एखादी थोरली दुसऱ्या एखादीच्या नदीत बुडाली, तर तेवढ्यावरून तू वकिलासारखी उलटतपासणी घ्यावीस हे शोभत नाही. स्वतः तीस पानं गाळणाऱ्या मुलीने मला पान विचारू नये. हा विषय माझ्यापुरता संपला.

काका

---

ता. २४ फेब्रुवारी

ती. काकांना,
सा. न.

तुमच्यापुरता संपला असेल. मास्तरांपुरता नाही.

मी तीस पानं गाळली, हे खरं आहे. मी ते कबूल केलं, माझ्या वरिष्ठ बाईंना सांगितलं, आणि आठवड्याला दोनच पुस्तकं घेईन, पण पूर्ण वाचून लिहीन, असं कळवलं. त्या म्हणाल्या, असं असेल तर दुसरीकडे बघ. मी बघतेय. म्हणजे नोकरी सुटलीच समजा. तुमच्या धाकाने सुटली अशी समजूत करून घेऊ नका.

मला तुमचा राग आलेला नाही, काका. त्याहून वाईट झालंय. तुमच्याबद्दल मला आज तेच वाटतंय, जे आमच्या साहेबांबद्दल वाटतं. ते घालवणं तुमच्याच हातात आहे. उत्तराची घाई नाही. लोभ आहे की नाही ते तेव्हाच लिहीन.

ठमी

---

ता. ९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू पान विचारलं होतंस. बारावं. त्याच्यापुढे मी गेलो नाही.

निवृत्त झालो त्या दिवशी छापखान्यातल्यांनी मला मोबाइल दिला. त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून मी एकही पुस्तक पुरं केलेलं नाही. मांडीवर पुस्तक असतं आणि हातात तो. मी काय बघतो ते ऐक, म्हणजे तुझी किळस नीट ठिकाणी पडेल. मळके गालिचे धुताना बघतो. एक माणूस फवारा मारतो, काळं पाणी निघतं, खालून रंग दिसायला लागतो. दुपारभर बघतो. दाताच्या दवाखान्यातला दहावा मोबाइल माझ्या खिशात होता, तो मी मोजला नाही. तुमच्या कंपनीचे सारांश मी आधी नावं ठेवायला म्हणून उघडले. मग मंडळात त्यांच्यावरच निभावलं. आठ पुस्तकं झाली. आठही वेळा मीच सर्वांत जास्त बोललो.

मंगळवारी मास्तरांच्या दुकानात गेलो. ते काजं करत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कादंबरी वाचली नाही इथपासून. त्यांनी मशीन थांबवलं नाही. मग म्हणाले की ते त्यांना त्या शनिवारीच कळलं होतं. त्यांनी सबंध ऐकली होती ना. मी थोरलीला बुडवलं तेव्हा ते सांगायला म्हणून हललेही होते, पण डॉक्टरीणबाई चष्मा पुसत होत्या, आणि मी इतका रंगलो होतो, की त्यांना वाटलं, कशाला चारचौघांत. ठमे, ज्याने माझी अब्रू झाकली त्यालाच मी पाचव्या मिनिटाला जिना दाखवला. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने सगळ्यांना दिसतील अशा काढल्या. गप्प राहूनही चूक सांभाळता येते, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी त्यांना मंडळात परत या म्हणालो. ते नको म्हणाले. रागाने नाही. त्यांना मशीनपाशीच बरं ऐकू येतं, असं म्हणाले. माझेच शब्द होते. शनिवारी मात्र मी मंडळात जाऊन आठही पुस्तकांचं खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या की त्यांनीही यातली दोनच वाचलीत. बाकीचे खाली बघत होते.

आता मी दुपारी मास्तरांकडे जातो. मोबाइल घरी ठेवून. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसतो आणि ते ऐकतात ते ऐकतो. वाचणारा बुवा दिव्य आहे. स्वल्पविरामावर श्वास घेत नाही, पूर्णविरामावर घाई करतो, आणि नायिकेचे संवाद नाकातून म्हणतो. मी पहिल्या दिवशी त्याच्या चुका मोजायला लागलो, तर मास्तर म्हणाले, बसायचं असेल तर हाताला काम हवं, आणि सहा सदरे पुढ्यात टाकले. संध्याकाळपर्यंत मी त्यांची बटणं लावली. मास्तरांनी एकेक सदरा उजेडात धरून पाहिला, माझी सगळी बटणं उसवली आणि काही न बोलता पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी गेलो, तर स्टुलावर आणखी सहा सदरे होते, बिनबटणांचे, दुसऱ्या गिऱ्हाइकाचे. मी मुकाट्याने सुईत दोरा ओवला.

नोकरी मिळेपर्यंत इकडे ये. मिळाली तरी ये. तुझा लोभ आहे की नाही ते विचारायचं धाडस होत नाही, पण असला तर थोडा राहू दे.

तुझा
काका