गल्लीचा गहू माझ्याकडे

४ मार्च

आज दुपारी हुरिनिसो खालांच्या अंगणात गल्लीतल्या बायकांची बैठक. खालांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, ओल्या फरशीवर घसरल्या. नवरोजला गल्लीच्या पातेल्यात शिजणाऱ्या सुमानकासाठी (मोडांच्या रसाची दाट खीर) गहू भिजवून मोड आणायचं काम चाळीस वर्षं त्यांच्याकडे. यंदा कोण, असं त्यांनी विचारलं आणि माझा हात वर गेला. बहुधा प्रश्न संपायच्या जरा आधीच. कुणीही विरोध केला नाही. खरं तर कुणी काही बोललंच नाही. ती शांतता आदराची होती असं माझं मत आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. शेतकी डिप्लोमा आईने पाहुण्यांच्या खोलीत गालिच्याशेजारी टांगलाय. तीन वर्षं शिकून काय मिळालं, हे गल्लीत सगळे मनात विचारतात. शेजारच्या मुकर्रम अपा मोठ्याने विचारतात. नवरोजला सगळ्यांना उत्तर मिळेल.

संकल्प: शांत राहणे. सगळं लिहून ठेवणे. बढाई न मारणे.

संध्याकाळी ७: बढाई मारणार नाही असं चार घरी जाऊन सांगून आले.

५ मार्च

खालांकडून त्यांच्या सहा फळ्या आणल्या आणि सूचना घेतल्या. एकूण नऊ. घरी येऊन वहीत दोन रकाने आखले, ‘शास्त्र’ आणि ‘समजूत’. पाणी सकाळ-संध्याकाळ बदल: शास्त्र. फळ्या उकळत्या पाण्याने धू: शास्त्र. भांडकुदळ माणसाची नजर पडू देऊ नको: समजूत. सूर्य दाखवू नको: समजूत. गव्हाशी गोड बोल: समजूत, पण निरुपद्रवी.

पाणी किती लिटर, असं मी विचारलं होतं. खाला म्हणाल्या, गहू मागेल तेवढं. मी म्हटलं, कसा मागतो? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या आईकडे बघितलं, मग चहा मागवला.

नवरोजनंतर सगळी पद्धत नीट लिहून काढून त्यांना भेट देईन.

६ मार्च

गहू सहा किलो. एकेक दाणा तपासून निवडला. सात तास लागले. आई म्हणाली, गहू निवडतेयस की नवरा? मी हसले नाही. बाबा म्हणाले, नवरा असता तर एवढा वेळ लागला नसता, आपल्याकडे ढीगच नाहीये.

दुपारी ४ वाजता भिजत घातला. दर दोन तासांनी पाणी बदलायचं ठरवलं आहे. खाला दिवसातून दोनदा बदलतात, पण त्यांच्याकडे गजराचं घड्याळ नाही.

८ मार्च

महिला दिन. बाबांनी दरवर्षीसारखा पलाव केला. वर्षातून एकदा ते चुलीपाशी जातात आणि आम्ही तिघी (आई, मी आणि मांजर) लांब उभ्या राहतो. गाजरं करपली. सगळ्यांनी छान म्हटलं. एक ताट भिंतीवरून मुकर्रम अपांना दिलं. त्या म्हणाल्या, उस्तादांना सांग, प्लास्टरचं काम तुमच्याइतकं सुबक कुणी करत नाही. बाबा गवंडी आहेत. कौतुक कशाचं ते त्यांना कळलं नाही, खूश झाले.

पाणी बदलत राहिल्याने पलाव गार खाल्ला. त्याग असतोच.

९ मार्च

गहू फळ्यांवर पसरला. मागच्या कोठीत, अंधारात, वर ओलं कापड. दारावर कागद चिकटवला: ‘आत येऊ नये. काम चालू आहे. शोइरा.’ आईने विचारलं, माझे कांदे आत आहेत, ते कसे काढू? म्हटलं, यादी दे. दोन कांदे मी आणून दिले.

मुकर्रम अपा आत डोकवायला आल्या तेव्हा मी दार लावून घेतलं. नजर लागण्यावर माझा विश्वास नाही. स्वच्छतेचा प्रश्न होता.

११ मार्च

मोड नाहीत.

मला काळजी नाही. कापड फक्त अकरा वेळा उचलून बघितलं.

सायंकाळी थोडं गोड बोलून बघितलं. प्रयोग म्हणून. आई कांद्यासाठी दाराशी उभी होती आणि तिने ऐकलं. म्हणाली, माझ्याशी कधी असं बोलली नाहीस.

१२ मार्च, सकाळी ९

कारण सापडलं! कोठीत थर्मामीटर ठेवला: अकरा अंश. कॉलेजच्या नोट्समध्ये स्पष्ट आहे, अंकुरणाला वीस अंश हवेत. चाळीस वर्षं ही गल्ली थंडीत मोड आणत होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळ्या फळ्या काचेच्या ओसरीत हलवल्या. दक्षिणेचं ऊन. तेवीस अंश. टोमॅटोची रोपं खिडकीतून जमिनीवर ठेवावी लागली. त्यांच्या डब्यांवर मी जातीची नावं लिहिली होती, ती भिंतीकडे गेली. हरकत नाही, मला पाठ आहेत.

१३ मार्च

मोड!! पांढरे, टोकदार. आईला दाखवले. तिने विचारलं, कापड काढून का टाकलंस? मी तिला प्रकाश आणि वनस्पती यांचं नातं समजावून सांगितलं. अर्धा तास. ती म्हणाली, मला तंदूर पेटवायचाय. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. शिकलेल्या मुलीचं ऐकण्याची तिला आता सवय झाली आहे.

१५ मार्च

चार सेंटीमीटर. हिरवागार! अशी तकाकी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतही बघितली नाही. आमच्या मास्तरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

खाला प्लास्टर सांभाळत बघायला आल्या. दारातूनच परत पाठवलं, नम्रपणे. म्हटलं, अहवाल तयार झाला की बोलावते. म्हणाल्या, मला अहवाल नको गं बाई, मला गहू दाखव. म्हटलं, अचानक दाखवण्यात गंमत आहे. म्हणाल्या, सुमानकात गंमत नसते, गोडवा असतो. फार जुन्या पद्धतीच्या आहेत.

१६ मार्च

मुकर्रम अपांच्या कोंबड्या पुन्हा भिंतीवरून आल्या आणि आमची कोथिंबीर उकरली. त्या कोंबड्या न्यायला आल्या आणि ओसरीच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शोइराजान, हे काय, कुरण? म्हटलं, गहू. म्हणाल्या, तो कळतोय गं, पण मेंढी कधी आणणार?

मत्सर माणसाला किती खाली नेतो. मी शांत होते. कोंबडी त्यांच्या हातात जरा जोरात दिली, एवढंच.

१७ मार्च, सकाळी १०

नोंदीसाठी एक अंकुर चावून बघितला. किंचित कडसर. औषधी म्हणता येईल.

सकाळी १०.१०: दुसऱ्या फळीवरचा. कडू.

सकाळी १०.३०: सहाही फळ्या. कडू.

दुपारी १२: कॉलेजच्या नोट्स शेवटपर्यंत वाचल्या. सुमानकाबद्दल एक ओळ नाही. सुमानकात साखर पडत नाही, कधीच नाही. जो काय गोडवा तो मोडांच्या रसाचा. मग खालांच्या सूचना पुन्हा वाचल्या. चौथी: सूर्य दाखवू नको.

मोड हिरवे झाले की कडू होतात, हे त्यांना म्हणायचं होतं. तसं म्हणायला काय झालं होतं?

दुपारी १२.१५: चौथी सूचना खोडून ‘शास्त्र’ या रकान्यात घातली. यादी आता बिनचूक आहे.

१८ मार्च

तीन दिवस उरले. नव्याने मोड आणायला दहा लागतात. तरी घाबरायचं कारण नाही, उपाय आहेत.

पहिला उपाय: फळ्यांवर तीन रजया टाकल्या, हिरवेपणा मागे जातो का ते बघायला. जात नाही. रजया ओल्या झाल्या.

दुसरा उपाय: मनुकांचं पाणी. मनुका म्हणजे साखर नव्हे, मी विचार करून ठरवलं आहे. थोडा गहू वाटून, रस काढून, पिठाबरोबर दुधाच्या पातेल्यात तीन तास शिजवला, मनुकांचं पाणी ओतलं. बाबांनी एक चमचा खाल्ला. मग बोटांत घेऊन चोळून बघितलं आणि म्हणाले, भिंतीला मस्त बसेल.

तिसरा उपाय: बाजारातून मोडाचा गहू विकत आणून फळ्यांवर पसरणे. कुणी विचारलं नाही तर ते खोटं बोलणं होत नाही. मुद्दाम विचारलं तरच होतं. आणि मुकर्रम अपा मुद्दाम विचारतील.

रडले नाही. कांदे आणायला कोठीत गेले होते, तिथे वेळ लागला.

१९ मार्च, सकाळी ८

ठरलं. घरोघरी जाऊन सांगायचं. यंदा नवरोजला आपल्या गल्लीचं पातेलं चढणार नाही, आणि दोष माझा. भाषण पाठ केलं आहे, तीन परिच्छेद. मी अतिशय स्थिर आहे. मोजे वेगवेगळे घातले होते, बदलले.

दुपारी १

आधी मुकर्रम अपा, म्हणजे सगळ्यात अवघड ते आधी संपेल. पहिल्या परिच्छेदातच त्यांच्या कोठीचं दार वाऱ्याने उघडलं. आत फळी, वर भरतकामाचं कापड, कापडाखाली पांढरे शुभ्र मोड. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, कोंबड्यांसाठी. मला कौतुक वाटलं. कोंबड्यांना भरतकाम! तशाही त्या लाडावलेल्याच आहेत.

दुसरं घर, शाळेतल्या बाईंचं. पलंगाखाली फळी. म्हणाल्या, यांच्या गुडघ्याला शेकायला. म्हटलं, गव्हाच्या मोडांनी? म्हणाल्या, हो ना, डॉक्टर पण चकित झाले.

तिसऱ्या घरी फळी पाळण्याच्या मागे. तिथे सबब तयार नव्हती. ती बाई नुसतीच लाल झाली आणि मला जर्दाळू खायला दिले.

चौथ्या घरापासून भाषण सोडून दिलं. नुसतं विचारलं, कुठे ठेवलाय?

खाला आठव्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही. कापड उचलून दाखवलं. मुळ्या एकमेकींत गुंतून चटई झालेली, दुधासारखी पांढरी. म्हणाल्या, डाव्या हाताने केलाय, कडा जरा वाकड्या आल्यात, बघू नको. मी विचारलं, कधी भिजवलात? म्हणाल्या, तू हात वर केलास ना, त्याच्या चौथ्या दिवशी. मुद्दाम थांबले हो, तीन दिवस विश्वास ठेवून बघितला.

मी म्हटलं, बाकीच्यांनी? म्हणाल्या, त्यांनी एवढा नाही ठेवला.

दुपारी २

घरी आले. आईला सगळं सांगितलं. सात घरी फळी आणि आठवी खालांची, म्हणजे आपलं घर सोडून सगळी गल्ली, आणि मला एका शब्दाने कुणी... आई पोळपाट धूत होती. फारच काळजीपूर्वक धूत होती.

मी तिच्या पलंगाखाली वाकून बघितलं.

आई म्हणाली, विश्वास आहे गं तुझ्यावर. पण पातेलं केवढं मोठं आहे ते तू बघितलंयस का?

दुपारी ३

तिच्या फळीला मी हात लावला नाही. फार सुंदर आले आहेत मोड. कोठीत ठेवले असते तर अजून चांगले आले असते, पण कोठीत मी होते.

सायंकाळी ५

माझा गहू मुकर्रम अपांनी कोंबड्यांसाठी मागितला. त्यांच्या कोंबड्या आत्तापर्यंत मोड खातच नव्हत्या, हे त्यांनी तेव्हा कबूल केलं. सहाही फळ्यांवरचा गहू भिंतीवरून दिला. कोंबड्यांचा उत्साह बघून बरं वाटलं. म्हणजे बरं वाटायला हवं होतं.

२० मार्च

पातेलं खालांच्या अंगणात चढलं. नऊ घरांचा गहू कुटला, रस पिळला, पीठ, तेल, मग ढवळणं. तळाशी लागू नये म्हणून पातेल्यात खडे टाकतात. मला खडे धुवायचं काम दिलं. मी विचारलं, किती वेळा धुऊ? सगळ्या एकदम म्हणाल्या, एकदा.

तीनदा धुतले.

ढवळायची पाळी दुपारी आली. पळी माझ्या उंचीची आहे. मुकर्रम अपा शेजारी उभ्या राहून सांगत होत्या: उजवीकडून, उजवीकडून, अगं तळ खरवड, कॉलेजात हे शिकवत नाहीत ना. मी उजवीकडूनच ढवळत होते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच्या रुमालाने माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा म्हणाल्या, उजवीकडून.

२२ मार्च

सुमानक काल सकाळी उतरलं. गडद तपकिरी, चमचा उभा राहील इतकं दाट. गल्लीला पुरून शेजारच्या गल्लीत वाडगे गेले, तिथल्यांनी पुन्हा मागितलं.

आज खालांनी बोलावलं. मला वाटलं, फळ्या परत मागतील, म्हणून धुऊन, वाळवून, कापडात बांधून नेल्या. त्यांनी घेतल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्याकडेच राहू दे, पुढच्या वर्षीही गहू तुझाच.

मी म्हटलं, खाला, पण माझा गहू तर कोंबड्यांनी खाल्ला. म्हणाल्या, तेच म्हणतेय. चाळीस वर्षं मी एकटी मोड आणायचे, बाकीच्या निवांत. रस पुरायचा नाही, मी गुपचूप पाणी वाढवायचे. कुणाला सांगू नकोस. यंदा तुझ्या भीतीने नऊ घरी गहू भिजला. एवढं दाट सुमानक माझ्या आयुष्यात झालं नव्हतं. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास, तिथेच घोटाळा होतो.

मी विचारलं, म्हणजे पुढच्या वर्षी मी नेमकं करायचं काय? म्हणाल्या, काही नाही गं. तू फक्त हो म्हण. आणि अधूनमधून थर्मामीटर घेऊन गल्लीतून फिर.

यावर मला बरंच काही म्हणायचं होतं, मुद्दे तयार होते. पण त्यांनी मध्येच वाडगा हातात दिला, आणि तोंडात सुमानक होतं, आणि ते फार गोड होतं. हो म्हटलं.