हाइडमध्ये कोण गुणगुणतं

रविवार, ६ जानेवारी

आज सकाळी सहा वाजता एका बाईंविरुद्ध लेखी तक्रार केली. मन हलकं झालं.

तळ्याकाठी आमच्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या ग्रुपनं लपून बसायला फळ्यांची हाइड बांधली आहे. आत तीन स्टुलं. एकावर जनावरांचे डॉक्टर, म्हणजे आमचे प्रमुख. दुसऱ्यावर पोस्टातल्या बाई. तिसऱ्यावर मी. फळीच्या फटीतून लेन्स बाहेर काढायची आणि समोरच्या वाळक्या फांदीवर खंड्या बसायची वाट पाहायची. गेले सहा रविवार तो येतो, घिरटी घालतो आणि न बसताच निघून जातो.

आज डॉक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, काटेसाहेब, आत कुणीतरी गुणगुणतंय. (मी वजनकाटे तपासणारा निरीक्षक, म्हणून काटेसाहेब.) मला काही ऐकू आलं नव्हतं, पण गुणगुणत असणार. मी स्वतः तिथे नाम घेतो, ते मनातल्या मनात. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी शिकवलं होतं, ओठ हलता कामा नयेत आणि नामात खंड पडता कामा नये. चाळीस वर्षांत पडलेला नाही. राहिल्या बाई.

ग्रुपचा नियम असा, की ज्याच्याविरुद्ध लेखी तक्रार येईल त्यानं हाइड सोडून मागच्या बांधावर बसायचं. तक्रारवही मागितली. ‘विरुद्ध’च्या रकान्यात बाईंचं नाव लिहिलं. त्यांनी वाचलं आणि हसल्या. बरं झालं, जातेच मी, म्हणाल्या आणि स्टूल उचलून गेल्या.

दोषी माणूस असाच हसतो.

मंगळवार, ८ जानेवारी

हॉलमध्ये रिकामी फ्रेम लावून ठेवली आहे, दीड फूट बाय एक. महिनाअखेरीला वाचनालयात ग्रुपचं प्रदर्शन. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालंय. ही म्हणाली, अहो, काच पुसून पुसून झिजायची. राग आला. मनात नाम घेतलं.

तर ही म्हणते, घ्या, मोठ्यानं घ्या. कशावरून म्हणाली, कळलं नाही.

रविवार, १३ जानेवारी

खंड्या आला, घिरटी, गेला.

बाई आत नाहीत, म्हणजे आवाज डॉक्टरांचा. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. अपराधी नजर. पोट गुरगुरत असावं. जनावरांचे डॉक्टर, आणि एवढं कळू नये?

सात वाजता बांधावरून शटरचा कडकडाट. बाईंना खंड्या मिळाला, चोचीत मासा घेतलेला. संताप. शिक्षा म्हणून बाहेर पाठवलेल्या माणसाला मासा?

संकल्प: पुढच्या रविवारी डॉक्टरांविरुद्ध तक्रार.

गुरुवार, १७ जानेवारी

बाजारात एका दुकानदाराचा काटा शंभर ग्रॅमनं खोटा निघाला. तो म्हणाला, साहेब, रोज वापरतोय, मला कधीच जाणवलं नाही. मी म्हटलं, आपला काटा आपल्याला खोटा वाटत नाहीच, म्हणून तर मला नेमलंय. सील ठोकलं. वाक्य चांगलं झालं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

रविवार, २० जानेवारी

वही मागायच्या आतच डॉक्टर म्हणाले, मला आत उकडतंय, मी बांधावर बसतो. सकाळचे सहा. अंगात स्वेटर.

असो. हाइड संपूर्ण माझी. अखेर शांतता.

खंड्या फिरकला नाही. बांधावर मात्र दोन-दोन कॅमेरे वाजत होते. आता फळ्यांवर संशय आहे. सुतारानं ओलं लाकूड वापरलं असणार, ते कुरकुरतं. त्याला खडसावायचं.

सोमवार, २१ जानेवारी, सकाळी

काल चुकून व्हिडिओचं बटण दाबलं गेलं होतं. चौदा मिनिटं नुसती फांदी. पण आवाज आहे. कुणीतरी एका लयीत पुटपुटतंय, जात्यावर बसल्यासारखं. हिला हाक मारली. हा पाहा पुरावा, म्हटलं. हिनं विचारलं, तेव्हा आत कोण कोण होतं?

मी.

हिनं गॅस बारीक केला आणि बाहेर आली. म्हणाली, बावीस वर्षं ऐकतेय मी हे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंना विचारलं होतं, ह्यांना ताप आहे का. त्या म्हणाल्या, होईल तुला सवय.

कॅमेरा सदोष आहे. मनातलं रेकॉर्ड करतो. कंपनीला पत्र.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पुन्हा ऐकला. नाम आहे. पण मधेच ‘ही बाई’. पुन्हा नाम. मग ‘स्वेटर घालून म्हणे उकडतंय’. नाम. ‘मासा’. नाम. ‘मासा’.

कागद घेऊन रेघा मारल्या. चौदा मिनिटांत एकतीस वेळा खंड, आणि प्रत्येक खंडात कुणाचा तरी राग. गुरुजी नाहीत, ते बरं.

कंपनीला पत्र लिहिलं नाही.

रविवार, २७ जानेवारी

हाइडमध्ये एकटाच. तोंडात घोटभर पाणी धरून बसलो. ओठ हलले तर कळेल. नामही घेतलं नाही, रागही नाही. नुसता खंड.

सहाव्या मिनिटाला खंड्या आला. बसला. इतका जवळ, की चोचीवरचा थेंब दिसला. आनंदानं पाणी गिळलं. त्यापुढे तोंडातून काय निघालं, देव जाणे. फोटोत फांदी आहे. हललेली.

बांधावर जाऊन डॉक्टरांना विचारलं, स्पष्ट का नाही सांगितलंत? म्हणाले, कानाशी येऊन सांगितलं की, तुम्ही वहीच मागितलीत. बाई म्हणाल्या, देवाचं नाव घेणाऱ्याला गप्प बसा कसं म्हणायचं हो? आणि मधे मधे माझाही उद्धार चालला होता, तो तुटला असता. माझ्या फ्रेमसाठी बाईंनी आपला खंड्याचा एक फोटो देऊ केला. नको म्हटलं. फार राग आला होता. कुणाचा, ते ठरेना.

मग वही घेतली. बाईंच्या नावावर रेघ मारली. खाली नवीन तक्रार. कारण: गुणगुण. विरुद्ध: मी. तक्रारदार: मी. दोन्हीकडे सह्या केल्या. डॉक्टर म्हणाले, अहो, राहू द्या काटेसाहेब. मी म्हटलं, नियम आहे.

त्या दोघांना हाइड मोकळी करून दिली. माझं स्टूल उचललं. बांधावरूनही आवाज जाईल असं वाटलं, म्हणून आणखी मागे, गाड्या लावतात तिथे जाऊन बसलो. तिथून तळं दिसत नाही.