वंदनेपुरता आवाज

४ ऑगस्ट
आज पुन्हा तेच! फोनवर 'नमस्कार, गॅस एजन्सी' एवढंच म्हणायचं, तर 'न' वरच गळा आवळला. पलीकडच्या बाईने विचारलं, रडताय का? सरांनी फोन काढून घेतला, फायली दिल्या. मेघना, दिवाळीपर्यंत बघतो, मग दुसरी बाई घेतो म्हणाले.

१० ऑगस्ट
ठाकुर्लीच्या विहारात नेहमीसारखं त्रिशरण, पंचशील मीच म्हणवून घेतलं, आईने शिकवलेल्या चालीत. एकदाही अडकले नाही. बाहेर चपला घालताना वहिनीला 'निघूया' म्हणाले, तर शब्दाचे तुकडे. ती म्हणाली, "वंदनेला बरा निघतो गं आवाज! कामावरच दुखणं येतं काय?" भयंकर राग आला. पण भांडायलाही आवाज लागतो.

१७ ऑगस्ट
विहारात मागे बसले. ढोंगी ठरण्यापेक्षा गप्प बरी.

२ सप्टेंबर
दुसरा डॉक्टर. पहिल्याने ॲसिडिटी सांगितली, याने टेन्शन. वंदनेचं दोघांनाही सांगितलं नाही — हेही नाटक म्हणतील.

९ सप्टेंबर
ठाण्याला घशाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे. नाकातून दुर्बीण घातली, वाक्यं बोलायला लावली. मग विचारलं, सुरात काही म्हणता येतं का? आता कुठे लपवू! सांगितलं. "म्हणा मग." नाकात नळी, तरी 'बुद्धं सरणं गच्छामि' सरळ निघालं. बाई खूश! ओळखायची हीच मोठी खूण म्हणे. स्पास्मोडिक डिस्फोनिया. बोलताना मेंदू स्वरतंतूंना चुकीचा हुकूम देतो, सुरात म्हटलं की बहुतेक सोडून देतो. आणि मी नेमकं तेवढंच लपवत होते. शहाणी!
घरात आणखी कोणाला आहे का, विचारलं. नाही म्हणाले. आमच्या आईला तर माणसांशी बोलायचाच कंटाळा.

१६ सप्टेंबर
मानेतून स्वरतंतूत बोटॉक्सची सुई, आवळणारे स्नायू सैल पडावेत म्हणून. चांगलीच दुखली.

२० सप्टेंबर
तोंडातून नुसती हवा. पाण्याचाही ठसका. वंदनासुद्धा गेली. दोन आठवडे असंच चालेल म्हणतात. भीती वाटते.

६ ऑक्टोबर
'नमस्कार, गॅस एजन्सी.' सलग! सरांनी फोन परत दिला. तीन-चार महिने टिकेल, मग पुन्हा सुई. चालेल.

१२ ऑक्टोबर
विठ्ठलवाडीला आईकडे गेले. बाबा तिला माजोरी म्हणायचे, आम्ही घुमी. चाळीतली बुद्धवंदना मात्र चाळीस वर्षं तीच म्हणवते. आज विचारलं, आई, बोलताना गळा आवळतो का? तिने हातातलं ताट पुसून ठेवलं. मग तुकड्या-तुकड्यांनी म्हणाली, "को... कोणी इ... इचारलंच नाही."