बाहुलीचे पाय

३ ऑक्टोबर
आज संग्रहालयात रुजू झाले. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि स्पिरिटच्या बाटल्यांत हजारभर मेलेले कोळी. बोलायला चिटपाखरू नाही. दादा म्हणाला, टकळी, तुझी चांगलीच जिरणार. जिरू दे. मला खोली फार आवडली.

६ ऑक्टोबर
खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक जिवंत कोळीण सापडली. राखाडी, शेंगदाण्याएवढी. ओळख पटवायला बसले तर डोळ्यांची ही मांडणी कुठेच नोंदलेली नाही. पुस्तकं पालथी घातली. नवीन जात आहे! आनंदाने दादाला फोन केला, पण तो घाईत होता. सवड झाली की बघायला येतो म्हणाला. असं तो नेहमीच म्हणतो.

९ ऑक्टोबर
जाळ्याच्या मधोमध ती माश्यांची टरफलं आणि धूळ चिकटवून स्वतःसारखी बाहुली करते. काही कोळी करतात असं. पक्ष्याने चोच बाहुलीला मारावी आणि आपण वाचावं, असा बेत. नव्या जातीच्या वर्णनात तसंच लिहिलं. बाहुलीलाही बरोबर आठ पाय. आता जातीला नाव द्यायचं तर नमुना म्हणून हिला मारून स्पिरिटच्या बाटलीत घालावंच लागणार. बाटली धुऊन ठेवली. उद्या बघू.

१४ ऑक्टोबर
बाटली अजून रिकामीच. मी दिवसभर कोळिणीशी गप्पा मारते आणि ती पुढचे दोन पाय उचलून ऐकते. इतकं मन लावून माझं आजवर कोणी ऐकलेलं नाही. हिला मारलं तर खोलीत कोण उरणार? बाहुलीचे पाय आज सहाच भरले. दोन गळले असतील.

१९ ऑक्टोबर
चार पाय. दोन आखूड, दोन लांब. बाहुली आता वीतभर झाली आहे. डोक्याला काळे केस गुंडाळलेत, माझ्या कंगव्यातले. दादाला सांगावंसं वाटलं, पण तो हसला असता.

२३ ऑक्टोबर
दोन दिवस तापाने घरी पडून होते. आज पहारेकरी काका म्हणाले, बाई, काल तुम्ही खिडकीत बसला होता, हाक मारली तर नुसती मान हलवलीत. चेष्टा करत असतील.
काका कधी चेष्टा करत नाहीत.

२४ ऑक्टोबर
बाटली घेऊन गेले. जाळं रिकामं, कोळीण नाही की बाहुली नाही. खुंटीवरचा माझा पांढरा कोटही नाही.

२६ ऑक्टोबर
दादाला फोन लावला. आवाज फुटेना. घशात काहीतरी चिकट— तो म्हणाला, काही ऐकू येत नाही, उद्या येतोच.

२७ ऑक्टोबर
कपाटामागे आहे. उजवा हात तेवढा मोकळा. तोंडावर धाग्यांचा थर. बाहुली माझा कोट घालून माझ्याच खुर्चीत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली आहे. वेणी माझीच.
वर्णन चुकलं. बाहुली पक्ष्यासाठी नव्हती. मला कोणी शोधू नये म्हणून—
दादा आला. कधी नव्हे तो तासभर बसला. मुलांचं बोलला, आईची आठवण काढली. ती मान हलवत राहिली. मी पाय आपटायला गेले, हलेनात. उठताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.
"किती शांत झालीस गं. बरं वाटलं आज."
कोळीण कपाटाच्या कडेला आली आहे. पेन्सिलीचा आवाज ऐकतेय. पुढचे दोन पाय—
दादा, दार लावू नको, मी इथे, कपाटाच्या मा