वाचवलेला पाय

१२ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. आम्ही सगळे ठीक. चिमणीची परीक्षा संपली, आता दिवसभर घर डोक्यावर घेते. आमच्या हिने स्वयंपाकघराला हिरवा रंग दिलाय. जरा दवाखान्यासारखा दिसतो, पण बोलायची सोय नाही.

फोनवर तू विचारतेस, "पाय कसा आहे?" आणि मी म्हणतो, "चाललंय." चाललंय कसलं, ताई. छापखान्यात कागदाचा रीळ पायावर आला त्याला वर्ष झालं, अजून पाय टेकवला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हाड सांधत नाही, जखम पुन्हा वाहायला लागली आहे. हे तुला सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात दर गुरुवारी आम्हा हातपाय मोडलेल्यांची बैठक असते. फिजिओथेरपीच्या बाई घेतात. दुखणं वाढायच्या आत कसं थांबायचं, कामाचे तुकडे कसे पाडायचे, घरच्यांकडे मदत कशी मागायची, असलं शिकवतात. आधी मला हसू यायचं. मदत मागायला शिकवणी कशाला? पण आता मी स्टुलावर बसून भाजी चिरतो, आणि चिडायच्या आधी सांगून टाकतो की आज जास्त ठणकतंय.

मागच्या महिन्यात बाईंनी विचारलं, "दुखणं थांबावं हे झालंच. आणखी काय हवंय?" मी म्हणालो, "मुलीबरोबर जिना उतरायचाय." शेजारी एक बसड्रायव्हर बसतात, त्यांचा पाय गुडघ्याखालून काढलाय. ते म्हणाले, "माझा पाय गेला, पण मी सुटलो. तुम्ही तर पायाची चाकरी करताय." मला राग आला. बाईंनी त्यांना अडवलं. "ज्याचा पाय, त्याचा निर्णय," म्हणाल्या.

घरी येऊन आडवा झालो. चिमणी धावत आली, पलंगाजवळ थबकली आणि भिंतीला अंग घासत पलीकडे गेली. मला धक्का लागू नये म्हणून. तिला असं जायला कुणी शिकवलं नव्हतं.

मग डॉक्टरांना स्पष्टच विचारलं. आणखी एक ऑपरेशन करता येईल, म्हणाले, पण हाड सांधेलच असं नाही. नाहीतर गुडघ्याखालून काढायचा आणि कृत्रिम पायावर चालायला शिकायचं. हमी त्यातही नाही.

ताई, मी पाय काढायचं ठरवलंय. पुढच्या सोमवारी.

अपघात झाला तेव्हा तू दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टरांचे पाय धरले होतेस, भावाचा पाय वाचवा म्हणून. हिने मला सांगितलंय. त्यामुळेच तोंड उघडत नव्हतं. फोनवर तू रडली असतीस आणि मी माघार घेतली असती. हिला सांगितलं तेव्हा ती टॉवेलच्या घड्या घालत होती. हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "बूट मात्र जोडीनेच घ्यावे लागणार." दोघंही हसलो. नंतर ती आत जाऊन रडली.

भीती वाटते गं. आंघोळ करताना त्या पायाला मी जरा जास्त वेळ साबण लावतो. वेडेपणा आहे, पण लावतो.

तू ये. समजूत घालायला नको, ती माझी मीच घातली आहे. शुद्धीवर येईन तेव्हा पांघरुणाकडे बघायचं माझं धाडस होणार नाही. आधी तू बघ, आणि मग माझ्याकडे बघ.

तेव्हाही तुझा अख्खाच भाऊ,
धाकटा