गूगलवर पहिली आलेली भाजणी

१ ऑगस्ट २०१०, रविवार. सकाळी दहा.

निर्णय झाला. वेबसाइट काढायची.

आमच्या हिचा, म्हणजे वासंतीचा, भाजणीचा धंदा अकरा वर्षं तोंडी प्रसिद्धीवर चालला आहे. म्हणजे शेजारणीने शेजारणीला सांगायचं. एकविसाव्या शतकात! परिणाम व्हायचा तो झाला. चकलीची भाजणी दिवाळीला तीनशे किलो जायची, ती गेल्या वर्षी एकशे ऐंशीवर आली. मॉलमध्ये तयार पाकिटं मिळतात आणि निम्मी गिऱ्हाइकं मुलांकडे अमेरिकेत. काल जेवताना वासंती म्हणाली, या दिवाळीला दोनशे किलो गेली नाही तर धायरीचा गाळा सोडून देते. इंदुबाईंना आणि त्यांच्या सुनेला, शालूला, दुसरीकडे काम बघायला सांगावं लागेल. इंदुबाई वाशीमहून आल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, हिच्या हाताखाली धान्य भाजताहेत. हे सांगताना वासंतीचा घास हातातच राहिला.

मी म्हणालो, मी आहे ना. ती ताट घेऊन उठली. भारावली असावी.

बँकेत सत्तावीस वर्षं काढली आहेत मी. आमच्या शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला पहिला हात माझा लागला. (पुसायला. पण पहिला.) व्हीआरएस घेतल्यापासून नऊ वर्षं ही बुद्धी नुसती पडून आहे.

२ ऑगस्ट, सोमवार.

अप्पा बळवंत चौकातून पुस्तक आणलं. एकवीस दिवसांत वेबसाइट. म्हणजे माझ्यासारख्याला बारा. रोज पहाटे पाच ते सात अभ्यास. दुपारची झोप बंद.

३ ऑगस्ट.

दुपारी झोप लागली. पहाटे उठण्याचा परिणाम. म्हणजे उठलो असतो तर झाला असता तो.

११ ऑगस्ट.

पुतण्या केदार हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने फोनवर सांगितलं, काका, नाव छोटं घ्या, भाजणी डॉट कॉम वगैरे. या मुलांना घराण्याचा अभिमान म्हणून नाही. मी नाव घेतलं श्रीयुतश्यामपरचुरेआणिकंपनी डॉट कॉम. लगेच मिळालं. कोणीही घेतलं नव्हतं. आश्चर्य आहे.

वासंतीने विचारलं, कंपनी कोण? मी म्हटलं, तू.

२९ ऑगस्ट, रविवार.

मजकूर तयार. पहिलं पान : संचालकांचे मनोगत (माझं). दुसरं : संचालकांचा परिचय. तिसरं : संचालकांची बँकेतील कारकीर्द, तीन भागांत. चौथं : भाजणी. फोटो सुटातला. सूट केदारच्या लग्नातला, म्हणजे नवाच.

वासंती म्हणाली, किमती कुठे आहेत? मी समजावलं की पहिल्या भेटीत किमतीचं बोलणं बरं दिसत नाही. आपण भाजीवाले नाही.

११ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी.

आरती झाल्यावर मुहूर्तावर वेबसाइट सुरू केली. उघडली की सनई वाजते. बंद करायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. खाली पाहुणे मोजायचं मीटर लावलं आहे. संध्याकाळपर्यंत ६४ पाहुणे! घरातल्या गणपतीला अकराच आले होते.

२० सप्टेंबर.

आता गूगल. पुस्तकात आहे की लोक जे शब्द टाइप करतील ते आपल्या पानावर हवेत. मी निवडलेले शब्द : पुण्यातील अग्रगण्य भाजणी संचालक श्याम परचुरे. टाइप केले. पहिला! दुसरा कोणी आसपास नाही.

केदारला फोन केला. तो म्हणाला, काका, हे शब्द कोण टाइप करणार? मी म्हटलं, जाणकार.

तरी सुरक्षितता म्हणून पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत भाजणी हा शब्द चारशे वेळा लिहिला. माणसाला दिसत नाही, गूगलला दिसतो. ही युक्ती पुस्तकात नव्हती. आपली आपल्यालाच सुचली.

२७ सप्टेंबर, सोमवार. दुपारी ३.

ऐतिहासिक दिवस. नुसतं भाजणी टाइप केलं आणि पहिला आलो! पुन्हा केलं. पहिला. आठवडाभर रोज पन्नासेक वेळा शोधून आपलीच साइट उघडत होतो, त्या तपश्चर्येचं फळ. मीटर १,१२०.

वासंतीला धायरीला फोन करून कळवलं. ती म्हणाली, ऑर्डरी किती? बायकांना निकालाची घाई फार.

२ ऑक्टोबर, शनिवार.

केदार सुट्टी म्हणून येऊन गेला. त्याने ऑफिसात आमची साइट उघडली म्हणे. सनई वाजली आणि अख्खा मजला उभा राहिला. (आदराने असावा.) मग सांगायला लागला की काका, तुमचा कॉम्प्युटर तुम्हाला ओळखतो. तुम्ही रोज तेच पान उघडता म्हणून तुम्हाला तेच वर दाखवतो. बाहेर तुमचा पत्ता नाही. आणि ती पांढरी अक्षरं काढा, गूगल असल्यांना हाकलून देतं.

कॉम्प्युटर मला ओळखतो आणि गूगल मला ओळखत नाही! पगार मोठा असला म्हणून अक्कल तेवढीच असते असं नाही. पोहे मात्र दोनदा घेतले.

४ ऑक्टोबर, सोमवार.

ऑर्डरी अजून का येत नाहीत याचं कारण सापडलं. लोक घरी फोन करतात! अकरा वर्षांची वाईट सवय. वासंती नऊ ते सहा गाळ्यावर, त्यामुळे घरचा फोन मीच घेतो आणि निळ्या वहीत नाव लिहितो. मग वेबसाइटवर कोण कशाला जाईल?

आजपासून धोरण : फोनवर ऑर्डर बंद. जो करेल त्याला नम्रपणे वेबसाइट सांगायची. तिथे आधी सभासद व्हायचं, मग मी अर्ज तपासून मंजूर करणार, मग ऑर्डर. अर्जात सतराच प्रश्न आहेत. शिस्त लागली पाहिजे.

आज अकरा जणांना लावली.

८ ऑक्टोबर, शुक्रवार. घटस्थापना.

विजयमालाबाईंचा फोन. निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार सदाशिव पेठ. दरवर्षी स्वतःची पाच किलो सांगतात आणि ओळखीतल्या पंचवीस-तीस घरांची यादी देतात. मी त्यांना वेबसाइटचा पत्ता सांगू लागलो. श्रीयुतश्यामपरचुरे पर्यंत त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, अहो परचुरे, मला चकल्या करायच्या आहेत, ॲडमिशन घ्यायची नाही. आणि ठेवून दिला.

शिक्षण क्षेत्राची ही अवस्था.

वासंतीला सांगितलं नाही. उगाच नवरात्रात त्रास.

१३ ऑक्टोबर.

पुस्तकात आहे की दुसऱ्या वेबसाइटवर आपलं नाव असलं की आपलं वजन वाढतं. बँकेतला जुना खातेदार मच्छिंद्र आठवला. मार्केट यार्डात बारदानाचा व्यापारी. धान्याची रिकामी पोती विकतो. त्याच्या पोराने वेबसाइट काढून दिली आहे. करार झाला : माझ्या साइटवर त्याची पोती, त्याच्या साइटवर माझा सुटातला फोटो.

नंतर फोटो काढायला धायरीला गेलो. इंदुबाई गॅसपाशी बसून हरभऱ्याची डाळ भाजत होत्या. मला म्हणाल्या, साहेब, औंदा ऑर्डरी काऊन नाही येऊन राहिल्या? मी मार्केटिंग समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कढईखालचा गॅस बंद केला. म्हणाल्या, मग एवढीच भाजते.

शालू कोपऱ्यात रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत होती. घातलेल्याच पुन्हा घालत होती. मला जरा कसंसंच झालं. पण फोटो चांगला आला नाही, प्रकाश कमी होता.

१७ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

पहिली ऑर्डर! ई-मेलने! पाचशे नग! वासंतीला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवली.

तिने वाचली. बारदान, पाचशे नग, पोच गुळटेकडी.

मी म्हटलं, सुरुवात होलसेलने झाली. तिने सोनं माझ्या हातात ठेवलं आणि पुरणाकडे निघून गेली.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. कोजागिरी.

आज घरात जरा बोलणं झालं. म्हणजे वासंती बोलली.

मंडईत तिला विजयमालाबाई भेटल्या. त्यांच्या पिशवीत मॉलचं पाकीट होतं. घरी येऊन वासंतीने निळी वही काढली. चार तारखेनंतर एक नाव नाही. तिने विचारलं, फोन आले नाहीत का? मी आकडा सांगितला. शहाऐंशी. प्रत्येकाला वेबसाइट सांगितली हेही सांगितलं. काही लपवलं नाही.

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, अहो, इंदुबाईंना मी काय तोंड दाखवू? मग वहीची कोरी पानं एकेक करून उलटत राहिली. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. मी म्हटलं, गूगलवर आपण पहिले आहोत. तिने माझ्याकडे पाहिलं, वही उचलली आणि बाहेर पडली.

दूध आटवायचं राहिलं. मी आटवलं. लागलं.

२५ ऑक्टोबर, सोमवार.

वासंती काल दिवसभर हिंजवडीला केदारकडे होती. माझी साइट समजून घ्यायला गेली असणार. मला थेट विचारायला संकोच वाटला असेल. आज सकाळी सहालाच धायरीला गेली. निळी वही बरोबर नेली.

घरचा फोन वाजत नाही. शिस्त लागली लोकांना.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार.

विजय!

गाळ्यावर गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. तिन्ही कढया चालू, बाहेर गाड्या उभ्या. विजयमालाबाई स्वतः रांगेत. मला बघून म्हणाल्या, काय संचालक, अर्ज भरून आणू का, की वासंती घरी येऊन सांगून गेली तेवढं पुरे? पुणेरी कौतुक असंच असतं, कळायला वेळ लागतो. शालूने सांगितलं, दोनशे दहा किलो झाली, अजून मागणी हाय. शालूला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

इंटरनेटची ताकद. पुस्तकात लिहिलंच आहे की गूगलला परिणाम दाखवायला थोडा अवधी लागतो. वासंतीचं अभिनंदन केलं आणि माझंही तिने करावं म्हणून थांबलो. तिने माझ्या हातात दोन पिशव्या दिल्या आणि वारज्याचा पत्ता सांगितला.

३१ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ६.

लोखंड तापलेलं असतानाच घाव घालावा. घरच्या कॉम्प्युटरवरून क्लिक करून झाले, आता बाहेरूनही करावे म्हणून नळ स्टॉपजवळच्या सायबर कॅफेत गेलो.

भाजणी टाइप केलं.

पहिल्या पानावर मी नाही. दुसऱ्या, तिसऱ्यावर नाही. अकराव्या पानापर्यंत गेलो. मच्छिंद्रची पोती नवव्यावर आहेत.

पहिल्यावर होती वासंतीची भाजणी. एकच पान. सनई नाही. चकली मऊ का पडते, तेलात का विरघळते, काटे का येत नाहीत, आणि प्रत्येकाखाली दोन ओळींत उपाय, ती बोलते तशाच शब्दांत. खाली किलोचा भाव. वासंतीचा मोबाइल नंबर. फोटोत इंदुबाई, कढईसमोर, पदर खोचलेला. प्रकाश कमीच होता, पण चांगला आला होता. केदारने एका रविवारात केलेलं काम. आणि शेवटी लहान अक्षरांत : भाजणीच्या दुसऱ्या कोणत्याही वेबसाइटशी आमचा संबंध नाही.

तीन वेळा वाचलं. कॅफेवाला म्हणाला, काका, अर्धा तास झाला. मी म्हटलं, वाचतोय. वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचत नाही. शहाऐंशी माणसांना मी घालवलं होतं आणि ही बाई वही काखेत मारून एकेकाच्या दारात जाऊन त्यांना परत घेऊन आली. घरी आल्यावर मला एक शब्द बोलली नाही. पानावर माझं नाव कुठे आहे का ते शोधलं.

होतं. घरपोच पाठवण्याची सोय आहे, त्याच्या पुढे. श्याम, स्कूटरवरून. आडनावही नाही.

१ नोव्हेंबर, सोमवार.

सकाळी सातला धायरी. नऊ पिशव्या. इंदुबाई म्हणाल्या, साहेब, मोजून घ्या, मग कमी पडली म्हणान. मोजल्या. आठच होत्या. त्यांनी एक आणून दिली.

कोथरूड, कर्वेनगर, मग सदाशिव पेठ. विजयमालाबाई जिना उतरून खाली येत नाहीत. तिसरा मजला. संध्याकाळी परत चार पिशव्या आहेत, त्या आधी पेट्रोल भरायचं.